पूरब टोल्याचा नकाशा

पोहरा तळाला आपटला, खडखडला आणि आडवा झाला. प्रेमलानं दोर दोनदा हिसडून पाहिला. वर आलं ते अर्धं पाणी, अर्धा गाळ. जुन्या धोतराचं फडकं घागरीच्या तोंडावर धरून तिनं ते हळूहळू ओतलं. चैत्र अजून संपला नव्हता आणि विहीर आतापासूनच असे रंग दाखवायला लागली होती. जेठात ती काय करणार होती कुणास ठाऊक.

तेवढ्यात शेजारची सुगनी धावत आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता.

"पंडिताइन, सूची चिपक गइल इसकूल पर. तीन ठे नल हौ. हमन के टोला में एक्को नाहीं."

"एक भी नहीं? ठीक से पढ़ा किसी ने?"

"मास्टर पढ़लन. दू दाईं पढ़लन."

प्रेमलानं दोर गुंडाळला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला.

काशीहून गंगेपलीकडे, रामनगरपासून दोन कोसांवर सेमरहा हे गाव. नाल्याच्या त्या अंगाला पछिम टोला, मोठी वस्ती. त्याला लागून शाळा. नाल्याच्या या अंगाला पूरब टोला, बावीस घरांचा. त्या बावीसांत एकच घर मराठी. प्रेमलाचा नवरा नरहर याच्या खापरपणजोबांना भोसले घाटावरच्या देवासाठी तुळस आणि फुलं लावायला इथं बिघाभर जमीन मिळाली, आणि मग घर इथलंच झालं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि रोज पहाटे तुळशीच्या दोन टोपल्या नावेतून काशीला. गाव त्यांना पंडित म्हणे. शेण काढणारे आणि वाफे खुरपणारे पंडित, पण हाक मारताना गाव मान द्यायला चुकत नसे.

माघात पाणी योजनेची जीप आली होती. जीपमधून उतरलेल्या मॅडम चपला काढून सगळ्यांबरोबर मातीत मांडी घालून बसल्या, त्याचंच गावाला केवढं कौतुक. योजना आता कचेरीत बसून आखायची नाही, असं वरून ठरलं होतं. गावानंच आपला नकाशा जमिनीवर काढायचा, पाणी कुठं आहे नि कुठं नाही ते दाखवायचं, आणि त्यावरून हापसे, गावाच्या बोलीत नल, कुठं बसवायचे ते ठरायचं. रंगाच्या पिशव्या त्यांनी बरोबरच आणल्या होत्या. पांढरा रस्त्यांना आणि घरांना, निळा नाल्याला, लाल ठिपका म्हणजे चालू नल, पिवळा म्हणजे पक्की विहीर. मॅडमनी हे तीनदा सांगितलं.

पुरुष एकमेकांची तोंडं बघत राहिले. मग सुगनीच म्हणाली, "पंडिताइन से बनवावा. रोज भिनसारे दुआर पर बनावेलिन."

रोज पहाटे दारात रांगोळी काढणारी प्रेमला त्या दिवशी दोन तास ओणवी होती. चहूकडून लोक ओरडत होते, माझं घर विसरलं, वाट अजून वाकडी आहे, महुआचं झाड डावीकडे घ्या. तिच्या चिमटीतून रेघ अशी सुटत होती की पछिम टोल्यातले म्हातारेसुद्धा गप्प झाले. शेवटी कंबर धरून ती उठली तेव्हा मॅडमनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढला. मॅडमच्या कागदावर खाली नरहरनं सही केली, इतरांनी अंगठे उठवले. त्यानंतर आठ दिवस प्रेमला भाकरी थापतानाही गुणगुणत होती. तिच्या रांगोळीवर पहिल्यांदाच सरकारी शिक्का बसला होता.

आणि त्याच नकाशावरून निघालेल्या यादीत तिचाच टोला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून पूरब टोल्यातल्या बायका नाला ओलांडून पछिम टोल्याच्या जुन्या हापशावर जायला लागल्या. दोन घागरी डोक्यावर, एक बादली हातात. नाल्याच्या कोरड्या पात्रातले गोटे तापलेले असत. तिथं पोचल्यावर आधी त्या टोल्याच्या बायका भरणार, मग उरल्या वेळात या. प्रेमलाला मात्र कुणीतरी म्हणेच, "पंडिताइन, आप भर लीजिए." ती खाली मान घालून पुढं होई. सुगनी मागं उन्हात उभी राही, पोटाशी रिकामी घागर धरून. आजवर प्रेमलाला त्यात काही वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं, पण ती पुढं जायची थांबली नाही, कारण घरी तुळस वाट बघत होती. वाफ्यांच्या कडेची पानं पिवळी पडायला लागली होती.

चौथ्या दिवशी सुगनीचा दीर फेंकू आणखी तिघांना घेऊन काशीला योजनेच्या कचेरीत जाऊन आला. येताना तो आपल्या घरी गेलाच नाही. सरळ नरहरच्या अंगणात आला. नरहर उघड्या अंगानं वाफ्यात बसला होता, हातात खुरपं.

"पंडितजी, नल कहाँ हौ?"

"कौन-सा नल?"

"कागज में लिखल हौ. पूरब टोला, चालू नल एक. जगह, पंडित नरहर के दुआर."

नरहरला वाटलं, थट्टा चाललीय. तो हसला. बाकी कुणी हसलं नाही. फेंकूनं गोठ्यामागं जाऊन पाहिलं, कडब्याच्या पेंढ्या उचलून पाहिल्या, न्हाणीचा पडदा सारून आत डोकावला. नरहरची चौदा वर्षांची मुलगी रुची दारात उभी राहून ते बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

"इधर नल होता तो मेरी बायको... मेरी घरवाली नाला पार करके पानी लाती?" नरहरचा आवाज चिरकला.

"ई त आप जानीं. बाबू कहलन, नल रहल त गइल कहाँ? पहिले जाँच होई, तब दूसर मिली. जाँच में साल लगी." फेंकू निघता निघता म्हणाला, "दसखत त आपै क हौ."

संध्याकाळपर्यंत टोल्यात एकच बोलणं होतं. पंडितांनी सरकारी नल आपल्या दारात लिहून घेतला आणि परस्पर कुणालातरी देऊन टाकला. कुणाला, केव्हा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्यानं काही अडत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सुगनीनं पाण्याला जाताना हाक मारणं बंद केलं. वीस वर्षं ती कुंपणापाशी उभी राहून "चलीं का, पंडिताइन?" म्हणायची. प्रेमला घागरी घेऊन बाहेर आली तेव्हा ती अर्ध्या वाटेवर पोचली होती. हापशावर प्रेमलाला कुणीतरी पुढं बोलावलं तेव्हा सुगनीनं तोंड फिरवलं आणि जमिनीवर थुंकली. ज्यात आपला काहीच दोष नाही त्यासाठी असं का, असं तिला ओरडून विचारावंसं वाटत होतं. ती घागर भरून निघून आली.

घरी नरहर कुणाशी बोलेना. रात्रीच्या जेवणाला बसला तरी अर्ध्यावर उठे. "पोलीस येतील का हो?" असं तिनं एकदा विचारलं, तर म्हणाला, "आले तर येऊ देत. न्हाणी बघायची कुणाची राहिलीय?"

असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी पहाटे प्रेमलानं नेहमीसारखं दार सारवलं आणि रांगोळीला बसली. मनात जाँच, सही, तुळस असं सगळं फिरत होतं आणि हात आपलं काम करत होता. ठिपके झाले, रेघा जुळल्या. हात कमरेशी गेला, खोचलेली डबी निघाली, आणि रांगोळीच्या मधोमध चिमूटभर कुंकू आणि शेजारी चिमूटभर हळद पडली.

ती तशीच बसून राहिली.

पांढरी रांगोळी नुसती टाकत नाहीत. घरात सवाष्ण असताना तर नाहीच. आई म्हणायची, सासू म्हणायची, आणि आता सांगायला कुणी नसलं तरी हाताला ते ठाऊक होतं. माघातल्या त्या दिवशी नकाशा झाला, कंबर धरून उठायच्या आधी ती आपल्या घराच्या चौकोनाशी वाकली होती. डबी काढली होती. वाहिलं होतं. लाल म्हणजे काय, पिवळा म्हणजे काय, हे तीनदा ऐकून. पछिम टोल्याचा लाल ठिपका स्वतःच्या हातानं देऊन. तिच्या लेखी तो नकाशा तेव्हा संपला होता आणि रांगोळी पुरी करायची राहिली होती.

ती उठून वाफ्याकडे गेली. नरहर टोपलीत तुळस भरत होता.

"अहो, तो नल मी लावला."

त्यानं वर पाहिलं. तिनं सगळं सांगितलं. सांगताना तिचे हात सारखे पदराला पुसले जात होते. नरहर बराच वेळ टोपलीतली पानं वरखाली करत राहिला.

"कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला.

"का?"

"कोण विश्वास ठेवील? म्हणतील, आता पकडले गेले तर कुंकवाच्या गोष्टी सांगतायत. आणि सही माझी आहे. खोटा कागद दिला म्हणून आत टाकतील मला."

"आणि गप्प बसलो तर?"

"साल-दोन सालात विसरतील लोक."

"साल-दोन साल सुगनीनं तिकडून पाणी आणायचं? आपल्या तुळशीचं काय? चोर म्हणून नांदण्यापेक्षा मूर्ख म्हणून नांदीन मी. चला, मी पण नावेत येते."

नरहर तिच्यावर कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला. मग टोपली उचलली आणि तिच्यासाठी थांबला.

भोसले घाटावर तुळस पोचवून दोघं विचारत विचारत कचेरीत पोचली. बाकावर दोन तास बसून झाल्यावर प्रेमला नवऱ्याला म्हणाली, "पाणी तरी मागा हो कुणाकडे," आणि आतून एका तरुण माणसानं डोकं बाहेर काढलं.

"मराठी का तुम्ही?"

तो सुमंत. वर्ध्याकडचा, योजनेचे नकाशे काढायच्या कामावर. त्यानं पाणी दिलं, सेमरहाचा कागद काढून टेबलावर पसरला. तिची प्रत्येक रेघ त्यात होती, फक्त छोटी आणि काळी. पूरब टोल्यातल्या तिच्या घराशी एक लाल ठिपका, शेजारी पिवळा.

तिनं बोलायला सुरुवात केली. निम्म्यावरच सुमंतनं कपाळाला हात लावला.

"रांगोळी झाल्यावर वाहिलंत ना? अरे देवा. काकू, फोटोवरून हे मीच उतरवलं. लाल दिसलं, लाल दिलं. माझी आई रोज वाहते हो, रोज! माझ्या डोक्यात कसं आलं नाही?"

"मग खोडून टाका ना, बाबा."

"मला खोडता येत नाही. कचेरीचा असता तर खोडला असता. हा लोकांचा नकाशा. लोकांनी भर सभेत बदलला तरच बदलतो, असा नियम आहे." त्यानं आवाज खाली आणला. "शनिवारी मॅडम शेवटच्या सभेला तुमच्याकडे येतायत. सोमवारनंतर कधीही बोअरची गाडी निघेल. एकदा तीन भोकं पाडून गेली की पुन्हा येत नाही. आणि तीनच आहेत, एक शाळेपाशी, दोन पछिम टोल्यात. तुम्हाला एक द्यायचा म्हणजे पछिम टोल्यातल्या दोनांतला एक कमी करायचा."

"ते कशाला ऐकतील?" नरहर म्हणाला.

सुमंतनं कागद गुंडाळला.

शनिवारी शाळेच्या मैदानात सगळं गाव जमलं. बायका एका बाजूला, सुगनी पार कडेला. बिंदुमाधव मास्तरांनी यादी वाचली. मॅडमनी विचारलं, किसी को कुछ कहना है? नरहरनं प्रेमलाकडे पाहिलं आणि नजर खाली केली. ती उठली. पुढच्या बाईच्या खांद्यावर तिनं हात टेकला.

"नक्शे में गलती है. गलती मेरी है."

तिनं सांगितलं. तिची हिंदी चांगली होती, पण सवाष्ण आणि पांढरी रांगोळी हे काही हिंदीत नीट बसेना. मधेच ती मराठीत बोलून गेली आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. पछिम टोल्यातला एक जण उभा राहिला.

"पहिले नल हजम, अब कहानी. हमारा नल काटने का बहाना है, मैडम."

"जाँच होय!" फेंकूही ओरडला. त्याला जाँचही हवी होती आणि नलही हवा होता.

मॅडम वैतागल्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं. मागं उभा असलेला सुमंत वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला.

"ठीक है," मॅडम म्हणाल्या. "आप फिर से बनाइए. सबके सामने. जो गाँव मानेगा, वही लिखूँगी."

रंग आणलेले नव्हते. मास्तरांनी शाळेतून चुना आणि लाल खडूचा चुरा आणून दिला. प्रेमला ओणवी झाली. वारा गरम होता, चुना बोटांना चावत होता. या वेळी कुणी ओरडून काही सांगत नव्हतं. सगळं गाव तिच्या हातावर डोळे लावून होतं, काय चोरते ते बघायला. पछिम टोल्याच्या हापशाचा लाल ठिपका तिनं जागच्या जागी दिला. शाळा काढली, नाला काढला, बावीस घरं काढली. घाम नाकावरून टपकत होता आणि चुन्यात खड्डे पाडत होता. शेवटी आपलं घर काढलं. चौकोन पुरा झाला.

आणि तिचा हात कमरेशी गेला.

तिला कळलंसुद्धा नाही. डबीचं झाकण निघालं, चिमटीत कुंकू आलं, हात घरावर आला, आणि कुणीतरी तिचं मनगट घट्ट पकडलं. सुगनी होती. कडेवरून कधी धावत आली कोण जाणे.

"देखला, मैडम?" सुगनी ओरडली. "देखला लोगन? एही तरह लगल रहल. हम बीस बरिस से देखत हईं, रोज भिनसारे. हमहूँ आन्हर रहलीं!"

प्रेमलाचा हात अजून हवेतच होता, चिमटीत कुंकू तसंच. तिला इतकी लाज वाटली की जमीन पोटात घेईल तर बरं. मग बायकांमधून कुणीतरी हसलं, आणि ते हसणं वाईट नव्हतं. पछिम टोल्यातला तो माणूस काहीतरी बोलायला उठला, पण त्याच्या म्हाताऱ्या आईनं त्याचं धोतर ओढून त्याला खाली बसवलं.

"कुछ लगाना है?" मॅडमनी प्रेमलाला विचारलं.

"नहीं," ती म्हणाली. कुंकू तिनं परत डबीत झाडलं. घर पांढरंच राहिलं. नरहर समोर उभा होता, धडधाकट, तरी ते पांढरं घर तिला बघवेना. मनातल्या मनात तिनं देवाची क्षमा मागितली.

मॅडमनी नव्या कागदावर पूरब टोल्यापुढं एक लिहिलं, पेन्सिलीनं.

"पेंसिल से काहे?" सुगनीनं विचारलं.

"साहब के दस्तखत होंगे, तब पेन से."

ते पेन्सिलीचं एक घेऊन टोला सोमवारपर्यंत जगला, मग मंगळवारपर्यंत. विहिरीत पोहरा आता नुसता गाळ आणी. प्रेमलानं दारात रांगोळी काढणंच थांबवलं होतं. पांढरी ठेववेना आणि हळदकुंकू वाहायचा धीर होईना. रुची शाळेच्या हिंदीत म्हणाली, "मम्मी, अच्छा नहीं लगता." तिनं ऐकलं नाही. सकाळ-दुपार टोल्यातलं कुणीतरी नाल्याच्या काठावर उभं राही, रस्त्याच्या फाट्याकडे डोळे लावून. बुधवारी बोअरची गाडी आली. फाट्यावर थांबली, आणि पछिम टोल्याकडे वळली.

त्या दिवशी टोल्यात कुणी चूल धड पेटवली नाही. गुरुवारी शाळेपाशी यंत्राची घरघर ऐकू येत राहिली. दोन झाले. प्रेमला वाफ्यात बसून वाळलेली तुळस उपटत होती. तिचे डोळे सारखे भरून येत होते आणि ती ते मातीच्या हातानंच पुसत होती. चूक कबूल केली, लाज घालवली, आणि हाती काय, तर पेन्सिलीचं एक. नरहर शेजारी येऊन बसला आणि तोही उपटायला लागला.

शुक्रवारी दुपारी कुंपणापाशी सुगनी ओरडली, "पंडिताइन! नाला उतरत हौ!"

गाडी नाल्याच्या गोट्यांवरून डुगडुगत वर आली. सुमंत टपावर बसला होता, हातात गुंडाळलेला कागद. त्यानं प्रेमलाला लांबूनच पेन दाखवलं.

खुणेची जागा टोल्याच्या मध्यावर, महुआखाली होती. दीड दिवस यंत्र धडधडत राहिलं. आधी धूळ आली, मग पिवळी माती, मग खडक आणि कुणाचा श्वास पुरेना. शनिवारी कलत्या उन्हाला चिखल उसळला, आणि चिखलामागून पाणी. सिमेंट सुकायला आणखी चार दिवस गेले. पाचव्या दिवशी फेंकूनं दांडा हाणला. हापसा खाकरला, खाकरला, आणि पाण्याची धार पडली.

बायकांनी प्रेमलाला पुढं केलं. पूजा कुणीतरी करायला हवी होती आणि पंडिताइन तीच होती. तिनं नारळ ठेवला, फूल वाहिलं, डबी काढली. चिमटीत कुंकू घेतलं आणि हात थांबला. ओल्या लोखंडापासून वीतभर अंतरावर. आजूबाजूला सगळा टोला उभा होता. तिला काही केल्या हात पुढं नेववेना.

सुगनी रिकामी घागर घेऊन अगदी जवळ उभी होती. या वेळी तिनं मनगट धरलं नाही.

"अब लगा दा, पंडिताइन," ती म्हणाली. "अब त सच्चो हौ."